ट्रिगर हलका केला की दहाच लागतात म्हणे!

चार दिवस झाले, एक मेसेज फिरायलाय. आधी आमच्या नेमबाजीच्या रेंजच्या पालकांच्या ग्रुपवर आला, मग मेव्हण्यानं पाठवला, मग लातूरच्या एका मित्रानं. मजकूर थोडक्यात असा: "रायफलचा कंपनीचा ट्रिगर टाकाऊ असतो, अमेरिकेत सगळे तो पहिल्याच दिवशी काढून फेकतात. बाहेरचा हलका ट्रिगर बसवा, सिंगल स्टेजच घ्या, एक एलन की लागते, घरी दहा मिनिटांत काम होतं, नियमातही बसतं. मुलाचे मार्क लगेच वाढतील." खाली तीन हात जोडलेले इमोजी.

मी काही मोठा कोच नाही, पण मराठवाड्यात पत्र्याच्या शेडखाली पोरांना दहा मीटर एअर रायफल शिकवत बरीच वर्षं झाली, आणि परवा एका पोराच्या वडलांनी खरंच ट्रिगरसाठी पैसे बाजूला काढून ठेवले तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं.

पहिलं, "अमेरिकेत सगळे बदलतात." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवतं. तिकडं ज्या रायफलबद्दल हे व्हिडिओ असतात ती एआर-१५ जातीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर दाबाला एक गोळी आणि पुढची आपोआप भरणारी खरी बंदूक. तिचा साधा ट्रिगर मिलिटरीच्या मापाचा, म्हणजे साडेपाच ते साडेनऊ पाउंड, आपल्या भाषेत अडीच किलोपासून सव्वाचार किलोच्या पुढं. ओढताना खरखर लागते, कुठं सुटेल ते कळत नाही. सैनिकाच्या हातात, घाईत, हातमोजे घालून चुकून सुटू नये म्हणून तो जड ठेवलेला असतो. त्या माणसानं साडेतीन-चार पाउंडाचा चांगला ट्रिगर बसवला तर त्याला फरक पडणारच, त्यात वाद नाही. पण तुमच्या पोराच्या हातातल्या दहा मीटरच्या मॅच रायफलचा (स्पर्धेच्या एअर रायफलचा) ट्रिगर कंपनीतूनच शंभरेक ग्रॅमच्या आसपास लावता येतो. ग्रॅम म्हणतोय, पाउंड नाही! त्यांना जिथं पोचायचं असतं त्याच्या कितीतरी पुढं तुम्ही खोका उघडतानाच असता. दुसऱ्याच्या गुडघेदुखीचं औषध आपल्या पोटाला कशाला?

दुसरं, "जितका हलका तितके मार्क." हे वाचून मला खरं म्हणजे राग आला. दहा मीटरवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. साठ शॉट, सव्वा तास, सगळे दशांशात मोजायचे, एका शॉटला १०.९ पर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ६५४. एवढ्या बारीक खेळात ट्रिगर तुमच्या बोटाला कळला पाहिजे. फार हलका केला की बोट टेकलं न टेकलं की शॉट जातो, पोरगं अजून निशाण्यावर स्थिरच झालेलं नसतं. मग त्याला ट्रिगरला हात लावायचीच भीती बसते, बोट हवेत ठेवून बसतं आणि शेवटी झटका देतं. गेल्या उन्हाळ्यात एका पोरीचं हेच झालं, दोन महिने सात-आठ लागायचे, घरचे म्हणायचे डोळे तपासा. ट्रिगर थोडा जड केला, तीस-चाळीस ग्रॅमनं असेल, आणि पंधरा दिवस कोऱ्या पांढऱ्या कागदावर ड्राय फायर करायला लावलं. डोळ्याला काही झालं नव्हतं.

(ड्राय फायर म्हणजे छर्रा न घालता सराव. मॅच रायफलला त्याची वेगळी सोय असते. जत्रेतल्या फुगेवाल्याकडं असते तसल्या स्प्रिंगच्या एअरगनवर हे करू नका, आत पिस्टन नुसताच आपटतो आणि सील जातं.)

"सिंगल स्टेजच घ्या", म्हणजे एकाच टप्प्यात सुटणारा, यावर जास्त बोलत नाही. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये आधी ढिला प्रवास असतो, मग बोट भिंतीला टेकल्यासारखं थांबतं, आणि तिथून जरासा दाब वाढवला की सुटतो. ती भिंत म्हणजे पोराला "तयार आहेस का" असं विचारणारी जागा. दहा मीटरवाले हेच वापरतात. आणि गंमत म्हणजे तिकडच्या सेमी-ऑटोवालेही आवडीनं दोन टप्प्यांचे घेतात, गायसली कंपनीचा एसएसए ट्रिगर पहिल्या टप्प्याला अडीच पाउंड आणि दुसऱ्याला दोन, असा येतो. म्हणजे मेसेजवाल्यानं अमेरिकेचाही नीट अभ्यास केलेला नाही.

आता "एक एलन की, दहा मिनिटं". माझ्यासमोरचं सांगतो. एक पोरगं सुट्टीत घरी यूट्यूब बघून स्क्रू फिरवून आलं. टेबलावर रायफल ठेवली, छर्रा घातला, लिव्हर बंद केली आणि टक्क! बोट ट्रिगरच्या जवळपासही नव्हतं. नळी समोर होती म्हणून छर्रा मागच्या फळीत गेला, नाहीतर शेजारच्या लेनवर बारा वर्षांची पोरगी उभी होती. आतले दोन तुकडे एकमेकांना किती धरून असावेत हे तो स्क्रू ठरवतो, ते धरणं केसाएवढं राहिलं की धक्क्यानंच सुटतं. सेमी-ऑटोमध्ये तर याहून वाईट. तिथं डिस्कनेक्टर नावाचा तुकडा असतो, बोल्ट मागंपुढं होताना तो हॅमरला (ठोका देणाऱ्या घोड्याला) अडवून ठेवतो, तुम्ही ट्रिगर सोडला की मगच पुढचा शॉट. त्याची वेळ बिघडली तर एकाच दाबात दोन गोळ्या. आणि हलकं करायच्या नादात हॅमरची स्प्रिंग कमजोर टाकली तर प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीवर, नीट ठोका बसत नाही, गोळी पेटतच नाही.

वजन बघायचंच असेल तर माझ्याकडं साधा जुगाड आहे. सलाईनची छोटी रिकामी बाटली, दोरीचा फास, आणि सिरिंज. रायफल रिकामी, कॉक केलेली, नळी सरळ वर, फास ट्रिगरच्या मधोमध. बाटलीत दहा-दहा मिली पाणी टाकत जायचं, एक मिली म्हणजे एक ग्रॅम. सुटला की बाटलीचं वजन आणि पाणी मिळवायचं. पोरांना हे लै आवडतं, फिजिक्सच्या तासाला झोपणारंही जागं होतं.

"नियमात बसतं" म्हणे. कुठल्या? एअर रायफलला ट्रिगरच्या कमीत कमी वजनाची अट नाही हे खरं. पण एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम, आणि मॅच झाल्यावरही वजन लटकवून बघतात, कमी भरलं तर बाद. मेसेज तर पिस्तुलवाल्या पोरांच्या पालकांकडंही गेलाय. कायद्याचं म्हणाल तर साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, पण खरी बंदूक म्हटली की १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायला, बदलून द्यायलासुद्धा परवाना लागतो. "आमच्या ओळखीचा लेथवाला करून देतो" हे वाक्य पोलिसांसमोर म्हणून बघा.

त्या वडलांना मी म्हटलं, पैसे ठेवा, दोन-तीन कंपन्यांचे छर्रे थोडे थोडे आणा, रायफल क्लॅम्पमध्ये बांधून कुठला छर्रा तिच्या नळीला मानवतो ते बघू, उरलेल्यात पोराचं नेमबाजीचं जॅकेट नीट मापाचं घेऊ, आत्ताचं थोरल्या भावाचं आहे, खांद्यावर लोंबतंय. त्यांना पटलं असं वाटलं. रात्री त्यांच्याच नंबरवरून तोच मेसेज परत आला, फक्त वर एक ओळ वाढवली होती: "सरांना विचारून घ्या."