बर्फाचं पाणी म्हणजे नुसतं पातळ पाणी नव्हे

ओढ्यांच्या पाण्यावरच्या लेखात म्हटलंय की वसंतात बर्फ वितळला की जंगलातल्या ओढ्यांना पाणी चढतं आणि त्यातले क्षार पातळ होतात. कॅल्शियम, सिलिका यांच्याबाबत ते बरोबर आहे. नायट्रेट या नायट्रोजनच्या क्षाराचं मात्र उलटं, ते वाढतं, आणि तेच लेखात एका ओळीत उरकलंय.

हिवाळाभर बर्फात साठलेली आम्लं, त्यांतलं नायट्रेटही, वितळणीच्या सुरुवातीलाच धुऊन निघतात. नॉर्वेतल्या प्रयोगांत पहिल्या 30 टक्के पाण्यातच बर्फात साठलेली निम्म्याहून जास्त द्रव्यं बाहेर पडलेली दिसली. त्या थोड्या दिवसांत ओढ्याचा सामू (pH) घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, आम्लधर्मी मातीतलं अ‍ॅल्युमिनियम सुटतं आणि मासे दगावतात.

शिवाय नायट्रेट सगळं बर्फातून येत नाही. जाड बर्फाखाली माती गोठत नाही, जिवाणू नायट्रेट बनवत राहतात. झाडं मात्र सुप्तावस्थेत, ते घेणार कोण? गंमत म्हणजे बर्फ कमी पडला तरी त्रासच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात मुद्दाम फावड्याने बर्फ काढून पाहिला, तेव्हा माती गोठली, बारीक मुळं मेली आणि नायट्रेटची गळती वाढली.

आम्हा सोलापूरकरांना बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या जमिनीत साठलेलं नायट्रेट इथेही पहिल्या मोठ्या पावसात वाहून निघतं. इथल्या सीना नदीचं पाणी तपासायचं तर तेव्हाच तपासावं.

लेखकांना एक विचारतो: लेखातल्या आलेखात पाण्याचे नमुने महिन्याला एकच दिसतात. मग वितळणीची थोड्या दिवसांची पहिली लाट त्यात सापडली कशी?