बरगड्यांना ऑपरेशन कधीच लागत नाही? चूक आहे हे

व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरतोय. "बरगड्या आपोआप जुळतात, छातीला पट्टा घट्ट बांधा, पेनकिलर टाळा, प्लेट टाकायला सांगणारा डॉक्टर लुटतोय." बाइकवरून पडलेल्या माणसाच्या घरचे असलं वाचून निर्णय घेतात म्हणून लिहितोय.

आपोआप जुळतात हे एकदोन बरगड्यांपुरतं खरंय, सहाएक आठवडे जातात आणि तिथे ऑपरेशन सहसा कुणी सांगतही नाही. पण लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की मधला तुकडा सुटाच होतो, याला फ्लेल चेस्ट म्हणतात. मग श्वास घेताना बाकीची छाती फुगते आणि तेवढाच भाग आत खचतो, सोडताना उलटा बाहेर येतो, आणि माणूस अक्षरशः दमून जातो.

पट्टा पूर्वी बांधायचे, खरंय. आता नाही बांधत, कारण छाती आवळली की श्वास वरवरचा होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

पेनकिलर टाळा हा तर सगळ्यात घातक सल्ला! दुखतं म्हणून पेशंट खोकतच नाही, कफ आतच राहतो, वयस्कर माणसं यातच जातात. म्हणून तर गोळ्यांनी भागलं नाही तर एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळून बधिर करणारं औषध) किंवा नर्व्ह ब्लॉक (बरगड्यांच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) देतात, छातीशी उशी धरून खोकायला लावतात, आणि ते तीन बॉलचं यंत्र देतात (ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, निम्मे लोक उलटं करतात).

आता लुटीचं, म्हणजे मोडलेल्या बरगडीवर धातूची प्लेट बसवायच्या ऑपरेशनचं. 2022 मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या 207 पेशंटची ट्रायल आली, ऑपरेशन न केलेल्या गटात 6 मृत्यू, केलेल्या गटात एकही नाही. व्हेंटिलेटरशिवायचे दिवस एकूणात फारसे वाढले नाहीत, फायदा दिसला तो मुख्यतः आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये व्हेंटिलेटर न लागलेल्यांच्या दुखण्यात तीन महिन्यांनी काही फरक नव्हता. म्हणजे सरसकट प्लेट टाका असं मीही म्हणत नाहीये, पण सरसकट लूट म्हणणं चुकीचंच.

डॉक्टरांना सरळ विचारा, फ्लेल आहे का, सीटी केलाय का (साध्या एक्सरेत बरीच फ्रॅक्चर सुटतात), फुप्फुसाला मार किती आहे. आणि हे पहिल्याच दिवशी विचारा, कारण ऑपरेशन करायचंच ठरलं तर शक्यतो पहिल्या 72 तासांत करतात, "आठवडाभर बघू" म्हणत बसलात तर ती वेळ निघून जाते.