बसू नका, खुर्ची जुनी आहे

जुन्या खुर्च्यांच्या दुकानात एका गोष्टीला सक्त मनाई असते, ती म्हणजे बसणं. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर मी एका नक्षीदार शिसवी खुर्चीला नुसती टेकले, तर दुकानदार असा धावत आला, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरले होते.

"मॅडम, ये बैठनेका नहीं, देखनेका पीस है."

"मग तशी पाटी तरी लावा."

"लगाया था. वो भी बिक गया."

या वणवणीचं मूळ आमच्या हॉलमध्ये आहे. सोफ्याच्या स्प्रिंगा वर आल्या, सोफा गेला आणि नवऱ्याच्या डोक्यात 'व्हिंटेज कॉर्नर' शिरला. आमच्या हॉलला कोपरे चार. एकात टीव्ही, दुसऱ्यात देव्हारा, तिसऱ्यात चपलांचं कपाट आणि चौथ्यात सासूबाई. "मग आहे की आपल्याकडे व्हिंटेज कॉर्नर!" हे मी म्हटलेलं नाही. सासूबाईच म्हणाल्या.

त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डॉक्टरांची ताकीद अशी, की बसायची जागा जमिनीपासून अठरा इंचांच्या खाली नको आणि उठताना रेटा द्यायला खुर्चीला हात हवेतच. त्यामुळे मी पर्समध्ये टेप घेऊनच बाजारात फिरत होते. खुर्चीला टेप लावला की दुकानदारांचे चेहरे असे पडत, की त्यांच्या कलेचा आपण खून केलाय असं वाटावं.

'अँटिक' कशाला म्हणायचं याचा आपल्याकडे चक्क कायदा आहे. १९७२ चा. त्याप्रमाणे वस्तूला निदान १०० वर्षं व्हावी लागतात. बाजारात मात्र शंभरीच्या अलीकडचं ते सगळं व्हिंटेज, आणि जिचं वय सांगताना दुकानदारालाही संकोच वाटतो ती 'अँटिक स्टाइल'. वयाच्या खालोखाल घराणं येतं. प्रत्येक खुर्ची "पारसी के घर से निकली है". २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ५७,२६४ पारशी होते. आम्ही पाहिलेल्या खुर्च्यांचा हिशेब मांडला तर माणशी डझनभर तरी यायच्या. बिचारे घरात चालत कुठून असतील? लाकूड अर्थात बर्मा टीक. चोर बाजारात तासभर फिरलं की ब्रह्मदेशात आता नुसती झुडपंच उरली असणार अशी खात्री पटते.

मग मी खुर्च्या पालथ्या घालायला लागले. खुर्ची वरून कितीही खोटं बोलो, खालून सहसा खरं सांगते. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही, कारण तोवर तसले स्क्रू बाजारात आलेच नव्हते. खास "क्वीन व्हिक्टोरिया के टाइम की" म्हणून दाखवलेली खुर्ची मी उलटी केली, तर खाली अधिकच अधिक.

"रिपेअर किया है," दुकानदार म्हणाला.

"किती?"

"पूरा."

त्यापेक्षा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार मला आवडला. तिथे एकाने सरळ विचारलं, "ताई, जुनं पाहिजे की जुन्यासारखं?"

नवऱ्याचा जीव जडला तो लांब हातांच्या आरामखुर्चीवर. मळेवाल्या गोऱ्या साहेबांची खुर्ची ही. तिच्या हातांखाली आणखी एकेक फळी असते. ती फिरवून पुढे काढायची, तिच्यावर तंगड्या पसरायच्या आणि मग कोणीतरी येऊन आपले बूट ओढून काढायचे, अशी सगळी योजना. या दुकानदाराने बसायची परवानगी दिली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नवरा बसला. कंबर खाली गेली, गुडघे वर आले, हनुवटी छातीला टेकली. त्याने फळ्या फिरवून पाय पसरले आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम दोनशे एकर चहाचा मळा आला.

"कसं वाटतंय?"

"कोणाला तरी हाक मारावीशी वाटतेय."

ती थोड्याच वेळात मारावी लागली, कारण त्याला उठता येईना. पाय खाली घ्यायचे तर कंबर वर यायला हवी, कंबर वर यायची तर पाय जमिनीवर हवेत. मी टेप लावला, तर बसायची जागा चौदा इंचांवर. ज्यांना उठवायला माणसं ठेवलेली असत त्यांच्यासाठी ती केलेली, उठायची सोय करतोय कोण? दुकानदाराने नेमका तेव्हाच भाव सांगितला, पंचेचाळीस हजार. नवरा खुर्चीत अडकलेला असताना घासाघीस करता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक असणार. शेवटी दुकानातल्या पोऱ्याने एक हात धरला, मी दुसरा धरला, आणि साहेब मळ्यातून बाहेर आले.

घरी सासूबाईंना फोटो दाखवला.

"अगं, असल्या दोन होत्या वाईच्या वाड्यात. मामंजी बसायचे, म्हणून दुसरं कोणी बसायचं नाही. उन्हाळ्यात मी तिच्या हातांवर कुरडया घालायचे. लांबलचक हात, छान वाळायच्या."

"मग त्या खुर्च्या कुठे गेल्या?" नवऱ्याचा आवाज जरा चिरका निघाला.

"वाडा पाडला तेव्हा सुताराला दिल्या. वर चाळीस रुपये दिले त्याला, उचलून नेण्याचे."

नवरा त्या रात्री जेवला, पण कुरडई घेतली नाही.

मग त्याला चंदिगढने पछाडलं. पिएर जानरे हा, ज्याने ते शहर आखलं त्या वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. त्याने १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्यासुध्या खुर्च्या काढल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, भंगाराच्या लिलावात कवडीमोलाने गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्या विकायला मनाई केली, तोवर बऱ्याच विमानात बसून गेल्या होत्या. यातली गंमत म्हणजे पाठीवर सरकारी नंबर रंगवलेला असेल तर भाव आणखी चढतो.

हे ऐकल्यापासून शाळेत मला चैन पडेना. आमच्याकडे तर प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने जडसंग्रह क्रमांक, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला नंबर, घातलेला असतो. मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची तर खास जुनी, सागवानी, वेताच्या पाठीची. मधल्या सुट्टीत मी तिच्याभोवती फिरले, खाली वाकून स्क्रू पाहिले आणि सहज विचारलं, "मॅडम, हिचं निर्लेखन कधी होणार? म्हणजे, ही मोडीत कधी निघणार?"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या खुर्चीवर डोळा आहे तर तुमचा!"

त्या महिन्यात कोणीही रजेवर गेलं की तो तास माझ्या वाट्याला येत होता.

खुर्ची मिळाली ती अखेर इराण्याच्या हॉटेलातली. लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या या जातीची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या फर्निचरवाल्याने १८५९ मध्ये आणली. लाकडाचे सहा तुकडे आणि मूठभर स्क्रू, बाकी काही नाही. सुटे भाग करून भरल्या तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. बसायला उंच, वजनाला हलकी. आणि हिच्यावर बसून कोणालाही साहेब झाल्यासारखं वाटत नाही, फार तर बनमस्क्याची आठवण येते. मला त्या घराण्यातली हातांची, वेताने विणलेली एक सापडली. टेप म्हणाला, अठरा. त्यावर माझा भरवसा होता, पण सासूबाईंचा नव्हता. त्या स्वतः दुकानात आल्या.

दुकानदाराला तोंड उघडायची संधी न देता त्या बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. मग मला म्हणाल्या, "आडवी कर." पायांतून ताजा भुसा गळतोय का ते पाहिलं. नाही. कडेने भोकं आहेत का ते चाचपलं. होती. म्हणजे वेत हाताने विणलेला, तयार जाळी खाचेत ठोकलेली नव्हे. नंतर त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि चौकटीच्या त्या एकेका भोकात घालून फिरवायला सुरुवात केली.

"माँजी, ये क्या कर रहे हो?"

"ढेकूण."

"माँजी, पारसी के घर की है!"

"मग ढेकूणही खानदानी असतील," म्हणत त्यांनी पुढच्या भोकात आकडा घातला. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक तेवढ्यात दोन पावलं मागे सरकलं. दुकानदाराचा भाव आकडा फिरेल तसा उतरत गेला, आणि चौथी बाजू तपासून व्हायच्या आत सौदा झाला. ढेकूण निघाला नाही. सासूबाईंना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं.

वेत जरासा सैल होता. त्याला खालच्या बाजूने ओलं फडकं लावून रात्रभर वाळू दिलं की तो आपोआप ताणून बसतो, हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्यासाठी त्यांना इंटरनेट लागलं नाही.

टेम्पो सोसायटीच्या गेटवर आला तेव्हा वॉचमनने हात आडवा केला. "भंगार सकाळी काढायचं ना मॅडम. सेक्रेटरी ओरडतात."

"बाहेर नाही, आत न्यायची आहे."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टर उघडून काय लिहावं याचा विचार करत बसला. तेवढ्यात सासूबाईंनी खुर्ची उतरवून घेतली आणि गेटमध्येच, त्याच्या केबिनच्या सावलीत, ऐसपैस बसल्या. वॉचमन स्वतः एका उलट्या बादलीवर बसला होता. बराच वेळ त्या खुर्चीकडे बघून तो हळूच मला म्हणाला, "टाकायची झाली की मला सांगा हं. चाळीस-पन्नास रुपये देईन मी."