दहा तासांच्या पुढचं 'किंवा' कुणी खाल्लं?

परवा मामांची स्कूटर छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरून टोइंगवाल्यांनी नेली. 'नो पार्किंग'च्या पाटीखालीच लावून दुकानात साडी बदलायला गेले होते, आणि वर पोलिसाला मोबाइल दाखवून भांडले. मोबाइलवर काय, तर आमच्या घरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा येऊन गेलेला तोच मेसेज: "रोड टॅक्स भरलाय, पार्किंगचा रुपयाही देऊ नका. दहा तास उभी असल्याशिवाय गाडी उचलणं बेकायदेशीर. दंडातून मनपाचे पगार निघतात. पुढे पाठवा." मामांनी इमानानं पुढे पाठवलाही होता.

आधी दहा तासांचं बघू. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 127. त्यात दहा तास आहेत, खरंय. दहा तास किंवा जास्त वेळ सार्वजनिक जागी सोडून दिलेली गाडी, 'किंवा' जिथं लावायला कायद्यानं मनाई आहे तिथं लावलेली गाडी. दोन्ही उचलायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलिस अधिकारी सांगू शकतो. मेसेजवाल्यानं वाक्य बरोबर 'किंवा'पाशी तोडलं. त्याचं ऐकायचं तर सकाळी अकराला टिळक पथावर आडवी लावलेली कार रात्री नऊपर्यंत कुणी हलवायचीच नाही! तोवर अँब्युलन्सनं काय उडून जायचं? त्याच कलमात पुढे उचलण्याचा खर्च मालकाच्या अंगावर टाकलाय, दंडाशिवाय वेगळा. कलम 177 चा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा 500 आणि पुन्हा सापडलात तर 1500 रुपयांपर्यंत आहे. मामांनी उचलण्याचा खर्च आणि दंड, दोन्ही भरले. साडी बदलायची राहिलीच.

बरं, एवढं मान्य. पोलिस नाही, नुसती ठेकेदाराची पोरं गाडी उचलतायत, तर जाब विचारा. पे अँड पार्कवाला पावती देत नसेल तर पैसे देऊ नका. मेसेजात ही दोनच वाक्यं असती तर मीच पुढे ढकलला असता.

रोड टॅक्समधल्या 'रोड'वर जाऊ नका, तो वाहनावरचा कर आहे. राज्याच्या 1958 च्या कायद्यानं आरटीओ घेतं आणि राज्याकडं जातो. रस्त्यावरच्या जागेचं भाडं त्यात कुठून आलं? या हिशेबानं घरपट्टी भरणाऱ्यानं मनपाच्या गाळ्यात फुकट दुकान मांडावं.

आणि पगार! वाहतुकीचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो, मनपाच्या नाही. मनपाला मिळतं ते पे अँड पार्कचं, तेही ठेका असेल तर ठेकेदार देईल तेवढं. समजा पैठण गेटला रोज 200 दुचाकी, दहा-दहा रुपये. महिन्याला 60,000. यात किती जणांचे पगार होतील ते मेसेजवाल्यानंच सांगावं. मनपाची खरी कमाई जकातीची होती. ती गेली, 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हापासून राज्याकडून येणाऱ्या भरपाईची वाट बघायची आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीच्या नोटिसा काढायच्या. पार्किंगचे पैसे त्यात चहापाण्याचे.

आता मामा विचारतायत, बीडच्या साडूंना पाठवलेला मेसेज परत कसा घ्यायचा. दोन निळ्या टिका आल्यात, आणि साडू उद्या कार घेऊन लातूरला निघालेत, गंजगोलाईत खरेदीला.