‘पाऊस जोरात, तर राफ्टिंग जोरात’? कोलाडला तरी हे गणित चालत नाही

पावसाळा लागला की कोलाडला निघालेल्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरायला लागतो. पाऊस जितका जास्त तितकं राफ्टिंग भारी. मोबाइलवर कोलाडला पाऊस दाखवत नसेल तर बिनधास्त निघा. लाइफ जॅकेट अंगावर असलं की पोहता येत नसलं तरी काही होत नाही. आणि ऑपरेटर नेतोय म्हणजे धोका नाहीच. प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी पावसाचं. कोलाडच्या कुंडलिका नदीतल्या ज्या लाटांवर राफ्ट उडते, त्या येतात भिऱ्याच्या वीजघरातून. मुळशी धरणाचं पाणी खरं तर पूर्वेला भीमेकडे जायचं. टाटांनी ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला आणलं. वीजघर 1927 सालचं. (सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. राफ्टमध्ये बसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असतं कोण जाणे.) वीज करून झालेलं पाणी पुढे रावळजेवरून साजे गावाकडे येतं आणि तिथून कामतपर्यंत साधारण 12 किलोमीटर राफ्टिंग होतं. म्हणून कोकणातल्या नद्या आटलेल्या असतात त्या एप्रिलमध्येही इथे राफ्ट चालते, आणि म्हणूनच सगळे ऑपरेटर सकाळी बोलावतात: पाणी सहसा सकाळी सुटतं.

मुसळधार पावसात त्यात डोंगराचं पाणी मिसळतं. खडक खोल बुडतात, त्यांच्यामुळे उठणाऱ्या लाटा सपाट होतात आणि वेग मात्र वाढतो. खडकाआडचं संथ पाणी, जिथे गाइड राफ्ट थांबवून पडलेल्यांना वर घेतो, ते नाहीसं होतं. काठावरची झाडंझुडपं प्रवाहात येतात. त्यांच्या फांद्यांतून पाणी पार होतं, माणूस अडकतो. थरार म्हणाल तर उलट कमीच होतो.

दुसरा मुद्दा मोबाइलवरच्या ढगाचा. कोलाड पायथ्याला आहे, पाणी घाटमाथ्यावर पडतं. 25 जुलै 2024 च्या सकाळी ताम्हिणी घाटात आधीच्या 24 तासांचा पाऊस 556 मिलिमीटर नोंदला गेला. हवामान विभागाच्या मोजमापात 204.5 च्या पुढे गेलं की सर्वांत वरची श्रेणी लागते. हा त्याच्या अडीचपटीहून जास्त. अशा दिवशी खाली भुरभुर असली तरी नदीला त्याचं काय? ॲपवरचे ‘40 टक्के’ तर पाऊस येण्याची शक्यता सांगतात, किती पडेल ते नाही. बघायचा तो हवामान विभागाचा रायगडचा आणि पुणे घाटमाथ्याचा इशारा, दोन्ही. नदीवर पोचल्यावर पाण्याकडे बघा: मघाशी हिरवट असलेलं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की वरून लोंढा निघालाय असं समजायचं. किती वेळ मिळतो? 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पाणी वाढलेलं त्यांना दिसत होतं, पण बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

जॅकेट तरंगवतं, एवढंच. तेही पट्टे आवळलेले असतील तर. घातल्यावर दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघणार. फोटोत पोट दिसू नये म्हणून पट्टा ढिला ठेवणारे दर रविवारी भेटतात. आणि पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाणी कमरेएवढं असलं तरी. पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो आणि जॅकेटसकट तोंड पाण्याखाली जातं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि गाइड ओरडेल तिकडे हात मारायचे.

राहिला ऑपरेटर. चांगले ऑपरेटर स्वतःहून रद्द करतात, पण रविवारचं बुकिंग सोडवत नाही असेही आहेत. फोनवर तीन गोष्टी विचारा: उद्या पाणी किती वाजता सुटणार, कुंडलिकेवरच्या डोलवहाल बंधाऱ्याचं पाणी इशारा पातळीच्या किती खाली आहे, आणि रेड अलर्ट लागला तर पैसे परत मिळणार का. तिसऱ्याचं उत्तर ॲडव्हान्स भरण्याआधी मेसेजवर लिहून घ्या.