टायफॉइडचा पाहुणचार

टायफॉइड असाच कुणाला होत नाही, त्यासाठी झटावं लागतं. साल्मोनेला टायफी हा जंतू माणसाशिवाय कुणाकडे नांदत नाही. गाय नाही, म्हैस नाही, डास तर नाहीच. म्हणजे तो तुमच्या तोंडात जायचा तर आधी कुणाच्या तरी संडासातून निघायला हवा.

घाबरू नका, सोय चोख आहे. आपल्याकडे नळाची पाइपलाइन गटाराच्या कडेनंच नेतात, कधी गटारातूनच. पाणी दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा, आणि चिरेतून गटाराला आत यायला मोकळीक. तरी समाधान नसेल तर थेट नळाला टिल्लू पंप लावा, तो उरलंसुरलंही ओढून घेतो. पहिलं गढूळ पाणी सोडून देणं मात्र उधळेपणा झाला. उकळणं तर त्याहून. सिलिंडरचा भाव बघितलात का?

संध्याकाळी पाणीपुरीला जा. हात मनगटापर्यंत माठात बुडताना दिसला की ‘चव हातातच असते’ म्हणा आणि शेवटी हक्कानं सुकी पुरी मागा.

मग एक-दोन आठवडे काहीच होत नाही. तोवर काय खाल्लं ते आपण विसरलेलो असतो, त्यामुळे दोष उन्हाला किंवा दृष्टीला देता येतो. ताप जिन्यासारखा रोज एक पायरी चढू लागला की दुसऱ्याच दिवशी विडाल ही रक्ततपासणी करून घ्या. ती शोधते त्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडाभर जातो, पण आपल्याला रिपोर्ट हवा असतो, निदान नव्हे. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून बघणं, टाळा, ते खरं सांगायची शक्यता जास्त.

गोळ्या ताप उतरेपर्यंतच घ्या. आमच्या फ्रिजवर चिवड्याचा जुना डबा आहे, त्यात मावशीच्या तापातल्या दोन अझिथ्रोमायसिन पुढच्या आजाऱ्याची वाट बघतायत. अर्धवट औषधाचा जंतूंनाही सराव होतो, तेवढाच त्यांचा व्यायाम. तिसऱ्या आठवड्यात कुणाकुणाच्या आतड्याला भोक पडतं, पण तोवर पाहुणेमंडळी नारळपाणी घेऊन येऊन गेलेली असतात.

लस आहे म्हणे. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती फुकट टोचली. असल्या उतावीळ शहरांपासून चार हात लांब राहा.

बरे झालात की लगेच स्वयंपाकघरात शिरा. काहींच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, आणि तिच्या हातचं पीच आइस्क्रीम खाऊन माणसं अंथरूण धरत. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर नेऊन ठेवलं. आपल्याकडे आम्रखंडावर काम भागेल. हात धुवायचेच असतील तर जेवण झाल्यावर धुवा, तेव्हा त्यांना तूप लागलेलं असतं.