मधलं फूल कुणाचं?

बॅडमिंटनवर पुण्याचा हक्क जुना आहे. छावणीतले इंग्रज इथे खेळायचे, खेळाला 'पूना' म्हणायचे, आणि 1873 च्या सुमारास नियमही इथेच बांधले गेले. त्या भाबड्या साहेबांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: डबल्समधले दोघे एकाच बाजूचे असतात.

सकाळी सहाच्या बॅचला या. जाळीपलीकडच्याला आम्ही फूल, म्हणजे शटल, अदबीने उचलून देतो. जाळीला घासून पॉइंट मिळाला तर हात वर करून 'सॉरी' म्हणतो. शेजारच्याला मात्र, "काका, तुमचं होतं ते!"

सर्व्हिस ज्याला आली त्यानेच परतवायची. त्यानंतर दोघांपैकी कुणीही मारावं, असा नियम. भांडणाला एवढी जागा पुरते. कोर्ट 6.10 मीटर रुंद, म्हणजे माणशी तीन मीटर, आणि फूल येतं नेमकं मधोमध. मग दोघेही सभ्यपणे बघत राहतात, नाहीतर दोघेही मारतात आणि रॅकेटला तडा जातो. दोघे उजवे असतील तर मधलं फूल डावीकडच्याचं, कारण त्याचा फोरहँड, म्हणजे तळहाताच्या बाजूचा फटका, मध्ये येतो. एक डावखुरा असेल आणि तो डावीकडे उभा असेल, तर मध्ये दोन्ही बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताचे फटके! हे खेळाआधी ठरवायचं असतं. फूल हवेत असताना सभा भरवून उपयोग नाही.

उभं राहण्याचंही तसंच. आपण फूल उंच उचललं की दोघांनी शेजारी-शेजारी व्हायचं, कारण आता स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरदार फटका, येणार. समोरच्यांनी उचललं की एक पुढे, एक मागे. पण मागच्याला स्मॅश मारून समाधान होत नाही, जाळीजवळ अलगद पडणारा ड्रॉपही त्यालाच हवा. तो पुढे धावतो आणि मागचं रान मोकळं. पुढच्याने तेव्हा वळून बघू नये. फूल डोळ्यात बसतं. ही मात्र थट्टा नाही.

आता बाकावरचे. माणसं आठ, कोर्ट एक, 21 चा गेम पंधरा मिनिटांचा धरला तर तासाला चार. 'जिंकेल तो थांबेल' केलं की एकच जोडी तासभर घाम गाळते आणि बाकीचे वॉर्मअपच करत राहतात. माझं मत: चौघेही बाहेर, बाकावर रॅकेटची रांग, पुढच्या चार आत. प्रत्येकाला दोन गेम मिळतात. जोडीत एक पक्का, एक कच्चा. 20-20 झालं की दोनच्या आघाडीसाठी गेम लांबतो, अगदी 30 पर्यंत. तेव्हा बाकावरच्यांचं घड्याळाकडे बघणं सहन करायचं.

एका बाबतीत मात्र आठही जणांचं एकमत असतं. सोळापैकी तीन पिसं मोडलेलं, भोवऱ्यासारखं डगमगत येणारं फूल सगळे आळीपाळीने हातात घेतात, पिसं बोटांनी सरळ करतात आणि म्हणतात, "चालतंय की अजून." नवा डबा पिशवीतच राहतो.